रंगाऱ्याला बोलावण्याआधी

पावसाळा सरत आला की आमच्या बाह्यरुग्ण विभागात खोकणाऱ्या मुलांची रांग वाढते. मागच्या वर्षी त्या रांगेतली सात वर्षांची एक मुलगी माझ्याकडे तिसऱ्यांदा आली. दिवसा बरी, रात्री मात्र छातीत घरघर. आधी दोन्ही वेळा मी पंप लिहून दिला होता. या खेपेला विचारले, "बाळ, तू झोपतेस कुठे?" उत्तर आईने दिले, "भिंतीला लागून, डॉक्टर. तेवढीच जागा आहे. त्या भिंतीला ओल येते, अंथरूणसुद्धा गार लागतं." हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. चूक माझी.

ओलसर घर आणि दमा यांचा संबंध आता वादाचा राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच ओल आणि बुरशीबाबत स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. तरी आपल्याकडे ओल हे रंगाऱ्याचेच काम समजले जाते. या कुटुंबाने दोन वर्षे गणपतीआधी महागडा वॉटरप्रूफ रंग लावला, दोन्ही वेळा पोपडे सुटले. कारण न शोधता तापाची गोळी देत राहावे, तसाच हा प्रकार. आम्ही डॉक्टरही ते करतो, म्हणून रंगाऱ्याला फार बोलत नाही.

ओलीचाही इतिहास विचारावा लागतो. कधीपासून, किती उंचीवर, कोणत्या महिन्यात वाढते? जमिनीपासून कमरेपर्यंतच पट्टा आणि त्यावर पांढरी खारट पूड असेल, तर पाणी बहुधा पायातून वर चढते आहे. पावसात वाढून नंतर सुकत असेल, तर बाहेरची भेग, छज्जा, गच्ची पाहा. भर उन्हाळ्यातही तशीच असेल, तर संशय नळावर किंवा न्हाणीघरावर. घराला स्वतंत्र मीटर असल्यास टाकी भरून झाल्यावर रात्री सगळे नळ बंद करा आणि आकडा लिहून ठेवा. सकाळी तो पुढे सरकला असेल, तर कुठेतरी गळते आहे.

आणखी एक सोपी चाचणी. भिंत पुसून कोरडी करा आणि वीतभर ॲल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून दोन दिवस ठेवा. फॉइलच्या आतून पाणी जमले, तर ओल भिंतीतली. खोलीच्या बाजूने जमले, तर हवेतली. मग घरात वाळत घातलेले कपडे आणि कायम बंद असलेली खिडकी यांचा विचार करा.

सोसायटीच्या बैठकीत मात्र खर्च कोणाचा, यावरच पहिला तास जातो. तपासणी आधी आणि भांडण नंतर, असा नियम असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सरकारी क्वार्टरमध्ये राहत असताना मी स्वतः वरच्या मजल्यावरच्यांशी वर्षभर अबोला धरला होता. शेवटी निघाली आमच्याच बेसिनमागची सुटलेली जोडणी.

त्या मुलीच्या घरी खिडकीखाली बाहेरून भेग सापडली. गवंड्याने ती बुजवली. भिंत पुरती सुकेपर्यंत रंग लावू नका, असे मी बजावले. अंथरूण समोरच्या भिंतीकडे गेले, कपाट इकडे आले, तेही हातभर पुढे सरकवून. बुरशी कोरडी न झाडता साबणाच्या पाण्याने पुसली, तेही मुलगी शाळेत असताना. हिवाळ्यात आई तिला घेऊन आली. रात्रीचा खोकला बराच कमी होता.

"आता पंप बंद करू ना?"

"नाही, इतक्यात नाही," मी म्हटले.