चार ओळींचा मुनीम आणि गायब झालेले बिल

पूर्वी बिले तारेत ओवून खिळ्याला टांगलेली असत. आता ती पीडीएफ होऊन येतात आणि कॉम्प्युटरच्या 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये ढिगाने पडून राहतात. हा ढीग रोज हाताने निवडायचा म्हणजे एका माणसाचा अर्धा तास जातो. म्हणून आमच्या भाच्याने नोटपॅडमध्ये चार ओळी लिहून एक बॅच फाइल करून दिली. तिच्यात 'मूव्ह' हा हुकूम आहे. डाउनलोड्समधील सगळ्या पीडीएफ उचलायच्या आणि 'खरेदी' फोल्डरमध्ये टाकायच्या. दोनदा क्लिक केले की काम फत्ते! विंडोजमध्ये ही सोय मुळातच असते, वेगळा पैसा लागत नाही. आम्ही खूष झालो.

वर्षअखेरीस हिशेब जुळवताना भिवंडीच्या ग्रे कापडाचे एक बिल सापडेना. रीसायकल बिनमध्येही नाही. घोटाळा असा होता की भिवंडीवाल्याने '११८' नावाची पीडीएफ पाठवली होती आणि पुढच्या महिन्यात सुरतेच्या साडीवाल्याचीही '११८'च आली. हा हुकूम आपण स्वतः टाइप केला तर तो विचारतो, "या नावाची फाइल आहे, तिच्यावर लिहू का?" तोच बॅच फाइलमधून चालला की विचारत नाही. जुनी फाइल पुसून त्या जागी नवी ठेवतो. अशी पुसलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही.

आता हे किरकोळ समजू नका. २०१७ साली जीएसटी आला तेव्हापासून खरेदीवरील कराची वजावट घ्यायची तर बिल हाती असावे लागते आणि वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने कागदपत्रे जपावी लागतात. देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याची ताकीद तर आपल्याला सूरह बकरामध्ये फार आधीच मिळाली आहे. भिवंडीवाला भला माणूस, त्याने दुसरी प्रत दिली. प्रत्येक जण देईलच असे नाही.

तरीही स्क्रिप्ट टाकून द्यावी असे आमचे मत नाही. आपल्या उर्दू शाळांतून शिकलेले आमच्या वयाचे लोक या चार ओळी पोरांवर सोडून देतात, तेथेच चूक होते. मुनीम ठेवताना आपण त्याची वही तपासत नव्हतो काय? तशीच ही फाइल उघडून समजून घ्या. 'मूव्ह'पुढे तिरपी रेघ, वजा आणि वाय एवढे लिहिले की बॅच फाइलमधूनही तो विचारू लागतो. प्रत्येक पार्टीचा फोल्डर वेगळा ठेवा आणि पीडीएफच्या नावात पार्टी व तारीख घाला. ही शिस्त आम्ही नुकसान झाल्यावर लावली.

आमच्या दुकानात आता आधी सगळ्या पीडीएफची नक्कल पेन ड्राइव्हवर होते, मग फाइली हलतात. दिवसाला दोन मिनिटे जास्त जातात.