हमी संपली, हक्क नव्हे!

वाचकहो, हा लेख मी फुलस्केप कागदावर पेनाने लिहून संपादकांच्या हाती दिला आहे. त्यात जुन्या वळणाची हौस नाही. माझा लॅपटॉप कपाटात निष्प्राण पडून आहे, एवढेच त्याचे कारण!

तो आईने घेऊन दिला होता. किंमत ६८ हजार रुपये. त्यासाठी तिने भिशी उचलली आणि उरलेल्या रकमेसाठी पतपेढीचे कर्ज काढले. कर्जाचे हप्ते २४ आणि वॉरंटी १२ महिन्यांची. वॉरंटी संपून जेमतेम १९ दिवस झाले असतील, एके रात्री पडदा काळा झाला तो झालाच. यंत्र गेले, हप्ते मात्र राहिले.

सर्व्हिस सेंटरमधल्या गृहस्थांनी आधी बिलावरची तारीख पाहिली, मग लॅपटॉपकडे. "मदरबोर्ड गेला. नवा घालायचा तर ४१ हजार. वॉरंटी संपली ना, आता आम्ही काय करणार?" पुढे बाजारातल्या एका कारागिराने बोर्ड उघडून दाखवला. पाणी सांडल्याची खूण नाही, आपटल्याची नाही. वीजपुरवठा सांभाळणारी नखाएवढी चिप जळालेली. तो सहज म्हणाला, "याच मॉडेलचा हा माझ्याकडे आलेला तिसरा." त्या एका वाक्याने मी विचारात पडलो. तीन घरांतली यंत्रे एकाच जागी जळतात, तेव्हा दोष वापरणाऱ्याचा की बनवणाऱ्याचा?

वॉरंटी संपली की आपला हक्कही संपला, असे आपण धरून चालतो. ही समजूत चुकीची आहे. वॉरंटी हे कंपनीने दिलेले वचन आहे. ती कायद्याची सीमारेषा नव्हे. विकलेला माल विकण्याच्या लायकीचा असावा, ही अपेक्षा १९३० च्या मालविक्री कायद्यातही आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. मालाच्या दर्जातली उणीव म्हणजे दोष, असे तो मानतो आणि सदोष उत्पादनाची जबाबदारी उत्पादकावरही टाकतो. फरक एवढाच, की वॉरंटीत असताना कंपनी मुकाट्याने दुरुस्त करून देते. ती संपल्यावर दोष मुळातलाच होता हे आपल्याला सिद्ध करावे लागते. हे सोपे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

"मग काय कंपनीने जन्मभर फुकट दुरुस्ती करायची?" असे माझ्या एका मित्राने विचारले. मुळीच नाही. बॅटरी वापराने क्षीण होणारच. चहा सांडला तर दोष माझाच. पण सायकल, शिवणयंत्र, मिक्सर यांच्याकडून आपण काही वर्षांच्या सेवेची अपेक्षा ठेवतो. मग त्यांच्या कित्येक पट किमतीचे यंत्र तेराव्या महिन्यात मान टाकते, याला नशीब का म्हणायचे? आणि एका चिपसाठी अख्खा बोर्ड बदलायला लावणे ही दुरुस्ती, की नवा माल खपवण्याची युक्ती?

कारागिराचा लेखी अभिप्राय जोडून मी कंपनीला पत्र पाठवले आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तेव्हा कुठे उत्तर आले : 'सद्भावना म्हणून' निम्मी सवलत देऊ. घरात दोन तट पडले. आई म्हणाली, "घे बाबा, तुझी परीक्षा जवळ आली आहे." तिचे चुकले नव्हते. पण साडेवीस हजार आणायचे पुन्हा पतपेढीतूनच ना? मी नकार दिला आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. खरेदी ५ लाखांपर्यंतची असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. निकाल अजून लागायचा आहे. तो माझ्याविरुद्धही जाईल, याची मला कल्पना आहे.

१९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ग्राहकांचा स्वतंत्र कायदा आला तो १९८६ मध्ये. म्हणजे कायद्याच्या आधी माणसे उभी राहिली. आपण मात्र बिलसुद्धा जपून ठेवत नाही!

मित्रहो, मागायचेच तर एवढे मागूया : वस्तू किती वर्षे टिकावी, तिचे सुटे भाग किती वर्षे आणि काय भावाने मिळतील, हे विकतानाच लिहून द्या. आम्हाला सद्भावना नको, हिशेब हवा. आईचे अजून नऊ हप्ते बाकी आहेत.