किती वाचलं यापेक्षा कुठे थांबलो

डिसेंबर आला की आपल्या सगळ्यांच्या स्टेटसवर आकडे झळकायला लागतात. कुणाची यंदा चाळीस पुस्तकं, कुणाची साठ. वाचणाऱ्याचं कौतुक आहेच, पण या आकड्यांतून त्याच्या वाचनाबद्दल फारसं काही कळत नाही, असं माझं मत आहे. ते कळायला रोजची नोंदवही लागते, आणि ती वर्षानुवर्षं चालवावी लागते.

फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ घ्या. १६१६ साली ते गोव्यात राशोलला छापलं गेलं. त्यात जवळपास अकरा हजार ओव्या आहेत. रोज दहा ओव्या समजून वाचायच्या म्हटलं तर तीन वर्षं लागतील. म्हणजे स्टेटसच्या हिशोबात पहिली दोन वर्षं शून्य आणि तिसऱ्या वर्षी एक! वहीत मात्र हजारावर दिवसांच्या नोंदी जमतील. कुठला शब्द अडला, कुठून परत मागे जावं लागलं, कुठे कंटाळा आला, हे सगळं त्यात असेल. वाचन म्हणजे तेच तर असतं.

“लक्षात राहतंच की, लिहायचं कशाला?” असं मैत्रिणी विचारतात. आठवणीवर किती भरवसा ठेवायचा, हे चार्ल्स डार्विनकडे बघून समजतं. वाचलेल्या आणि वाचायच्या पुस्तकांच्या याद्या त्याने १८३८ पासून वीसेक वर्षं ठेवल्या. विचारांच्या वह्या वेगळ्या होत्या. म्हातारपणी, १८७६ मध्ये, आत्मचरित्र लिहिताना त्याला आठवलं की माल्थसचं लोकसंख्येवरचं पुस्तक आपण ऑक्टोबर १८३८ मध्ये सहज, करमणूक म्हणून वाचलं. पण त्याच्या वहीत २८ सप्टेंबरलाच माल्थसवर नोंद आहे, आणि ती करमणुकीची वाटत नाही. त्या पुस्तकाने त्याला चांगलंच हलवलेलं दिसतं. डार्विनचं हे, तर आपलं काय!

आपल्यासारख्या दोन भाषांत वावरणाऱ्यांसाठी तर वही जास्तच गरजेची आहे. माझ्या वहीत तारीख, पान आणि भाषा असे तीन रकाने आहेत. भाषेचा रकाना फार स्पष्टवक्ता आहे. परीक्षेच्या महिन्यांत तिथे ओळीने ‘इंग्रजी, इंग्रजी, इंग्रजी’ असतं. मराठी मागे पडतेय अशी हळहळ सभेत व्यक्त करणं सोपं आहे. स्वतःच्या घरात ती कुठल्या महिन्यापासून मागे पडली, हे फक्त वही दाखवते.

शिवाय नोंद कुठल्या भाषेत करायची, हाही प्रश्न आहेच. इंग्रजी कादंबरीवरची नोंद मी मुद्दाम मराठीत लिहिते. जेन ऑस्टिनबद्दल लिहिताना ‘आयरनी’ला काय म्हणावं? ‘उपरोध’ म्हटलं तर धार जास्त होते, ‘वक्रोक्ती’ म्हटलं तर संस्कृत काव्यशास्त्राचा तास सुरू होतो. त्या एका शब्दासाठी अर्धा तास जातो, पण तेवढ्यात ऑस्टिन नक्की काय करते ते जास्त समजतं, आणि मराठीही हाताखालून जाते.

रोज लिहायला वेळ नसतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणून तीन ओळींवर जाऊच नये. ज्या दिवशी वाचलं नाही, त्या दिवशी ‘आज नाही’ एवढंच लिहावं. सारांश मात्र लिहू नये. तो आता फोनसुद्धा दोन सेकंदांत देतो. तुम्ही कुठल्या पानावर थांबलात आणि का, हे तुमच्याशिवाय कुणालाच लिहिता येणार नाही.

एक साधी दोनशे पानी वही पुरे. पहिल्या पानावर आजची तारीख घाला.