डमडमचा कारखाना आणि लोकसभेतला प्रश्न



शाखांच्या सभांना गेलो की एक तक्रार हमखास ऐकू येते. निवेदन दिले, त्याची पोच घेतली, स्मरणपत्रेही पाठवली, पण उत्तर नाही. पी.एन.एम.च्या बैठकीत विषय येतो, इतिवृत्तात 'तपासून कळवू' असे लिहिले जाते आणि पुढच्या बैठकीत तोच विषय त्याच शब्दांत पुन्हा येतो. टपाल खात्यातही परिस्थिती वेगळी नाही. प्रशासनाला आमच्या कागदाला उत्तर न देणे परवडते. मात्र एक कागद असा आहे, ज्याला उत्तर न देणे त्याला परवडत नाही. तो म्हणजे संसद सदस्याने विचारलेला प्रश्न. 'संसदीय प्रश्न' असा शेरा मारलेला संदेश मंडळाकडून झोनला, झोनकडून विभागाला आला की कार्यालयात किती धावपळ उडते, हे आमच्या लेखनिक बांधवांना सांगायला नको. महिनोन् महिने न सापडणारा आकडा त्या दिवशी दोन तासांत सापडतो.

या साधनाचा आपण पुरेसा वापर करीत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते का करावे व कसे करावे, हे सांगण्यासाठी आम्ही आज वाचकांना कोलकात्याजवळच्या डमडमला नेत आहोत.

डमडम हे पूर्व रेल्वेच्या सियालदह विभागातले जंक्शन. तिथे जेसप कंपनीचा कारखाना. वाघिणी, क्रेन आणि लोकलचे डबे बांधणारी ही कंपनी आपला इतिहास १७८८ पासून सांगते. मुंबईच्या लोकलवर काम केलेल्या जुन्या मोटरमन-गार्ड मंडळींना 'जेसप' हे नाव डब्यावरच्या पाटीमुळे ठाऊक असेल. स्वतंत्र भारतात संसदीय प्रश्नाने सरकारला हलवून सोडल्याचे जे पहिले मोठे उदाहरण आहे, त्यात या जेसप कंपनीचे नाव होते.

प्रकरण १९५७ चे. आयुर्विमा महामंडळ स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते. जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंधडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. या सहांत डमडमची जेसप होती, तशीच आपल्या भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडासही होती. मुंधडाचा कारभार अडचणीत आला होता. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला न विचारताच हा व्यवहार उरकला गेला. पैसा होता विमाधारकांचा, म्हणजे दरमहा पगारातून हप्ता कापून देणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्यांचा.

हे बाहेर कसे आले? कोणा अधिकाऱ्याने आपण होऊन सांगितले नाही. वृत्तपत्रातल्या बातमीचा आधार घेऊन सप्टेंबर १९५७ मध्ये डॉ. रामसुभग सिंह आदी सदस्यांनी लोकसभेत प्रश्न विचारला. मिळालेले उत्तर वस्तुस्थिती झाकणारे होते. नोव्हेंबरअखेर पुन्हा प्रश्न आला, तेव्हा शेअरखरेदीची कबुली द्यावी लागली. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी यांनी सभागृहात व्यवहाराची चिरफाड केली. ते विरोधी बाकावरचे नव्हते, तर रायबरेलीचे काँग्रेस खासदार होते आणि पंतप्रधानांचे जावईही होते. त्यांच्या हाती तारखा, भाव आणि आकडे होते, म्हणूनच सरकारला बाजू सावरता आली नाही.

जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. सुनावणी मुंबईत, उघड्या दाराने झाली आणि ती ऐकायला लोकांनी गर्दी केली. फेब्रुवारीत अहवाल आला, आणि त्याच महिन्यात अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. सचिवाच्या कृत्याची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, हे छागलांनी ठामपणे नोंदवले. सरकारने संसदेला सुरुवातीलाच विश्वासात घेऊन सर्व माहिती समोर ठेवायला हवी होती, असेही त्यांनी बजावले. त्याच वर्षी जेसपचे व्यवस्थापन केंद्र सरकारने हाती घेतले. पुढे १९७३ मध्ये कंपनी सरकारी मालकीची झाली.

या प्रकरणातून आमच्या दृष्टीने तीन गोष्टी निघतात. पहिली, एका प्रश्नाने काम होत नाही. पहिल्या टाळाटाळीनंतर गप्प बसले असते तर मुंधडा प्रकरण घडलेच नसते. दुसरी, आवाज चढवण्यापेक्षा आकडा हाती असणे अधिक उपयोगी पडते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, हा प्रश्न विचारता आला, कारण पैसा सार्वजनिक होता. खाजगी विमा कंपनीने हेच शेअर घेतले असते, तर लोकसभेत कोणत्या मंत्र्याला उभे करणार होतात?

ही तिसरी गोष्ट डमडमच्या कामगारांना पुढे फार महागात पडली. ऑगस्ट २००३ मध्ये केंद्राने जेसपचा ७२ टक्के हिस्सा १८ कोटी १८ लाख रुपयांना खाजगी समूहाला विकला. कारखाना पुन्हा उभा राहील, असे तेव्हा सांगितले गेले. प्रत्यक्षात उत्पादन थंडावत गेले आणि दरवाजे बंद झाले. फेब्रुवारी २०१६ मध्ये पश्चिम बंगाल विधानसभेला कारखाना ताब्यात घेण्याचे विधेयक मंजूर करावे लागले. ऑक्टोबर २०१६ मध्ये बंद कारखान्यात आग लागली. वाघिणी बांधण्यासाठी दिलेले आपले कोट्यवधींचे सामान गायब असल्याची तक्रार खुद्द रेल्वेने पोलिसांकडे केली.

आता विचार करा. कारखाना सरकारी असताना यंत्रे किती, हजेरीपट किती, भविष्य निर्वाह निधी भरला की नाही, हे कोणताही खासदार मंत्र्याला विचारू शकत होता. लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्नाचा विषय हा प्रामुख्याने भारत सरकारच्या जबाबदारीचा असावा लागतो. मालकी गेली की त्या दाराला कुलूप लागते, किंवा निदान मंत्रालयाला उत्तर टाळायला जागा मिळते. विक्रीच्या दस्तात यंत्रे, जमीन, देणी सारे लिहिलेले असते. जनतेचा विचारण्याचा हक्कही त्याबरोबर गेला, हे त्यात कुठे लिहिलेले नसते. खाजगीकरण, महामंडळीकरण, कंत्राटीकरण यांना आपण विरोध करतो, तेव्हा नोकरीच्या सुरक्षिततेबरोबर हा मुद्दाही लोकांपुढे मांडला पाहिजे. प्रवाशाला आणि पत्राची वाट पाहणाऱ्या म्हातारीलाही हा हक्क गमवावा लागणार आहे.

आता साधनाची ओळख करून घेऊ. लोकसभेत रोजच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात. त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. २३० पर्यंत अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळते. कोणता प्रश्न यादीत येईल, हे चिठ्ठ्यांनी ठरते आणि तारांकितांपैकी मोजकेच प्रत्यक्ष पुकारले जातात. म्हणून तारांकिताचा हट्ट धरू नये. आम्हाला भाषण ऐकायचे नाही, आकडा हवा आहे, आणि तो अतारांकित प्रश्नाच्या लेखी उत्तरात मिळतो. मंत्र्याने 'माहिती गोळा करून सभागृहापुढे ठेवू' असे म्हटले, तर ते आश्वासन ठरते. ते तीन महिन्यांत पुरे करावे लागते आणि त्यावर लक्ष ठेवायला १९५३ पासून लोकसभेची आश्वासन समिती आहे.

प्रश्नाच्या शब्दरचनेने काय फरक पडतो, हे सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात दिसले. महामारीचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला होता आणि फक्त लेखी उत्तरे मिळत होती. टाळेबंदीत घराकडे निघालेले किती स्थलांतरित मजूर मेले, या प्रश्नाला कामगार मंत्रालयाने अशी माहिती ठेवली जात नसल्याचे उत्तर दिले. त्याच अधिवेशनात पश्चिम बंगालचे राज्यसभा सदस्य डेरेक ओब्रायन यांच्या प्रश्नाला रेल्वेमंत्र्यांनी उत्तर दिले की, श्रमिक विशेष गाड्यांतून प्रवास करताना ९ सप्टेंबरपर्यंत ९७ जणांचा मृत्यू झाला. पहिला प्रश्न साऱ्या देशाबद्दल होता आणि नोंद ठेवणारे असे एक खाते नव्हते. दुसरा प्रश्न ठरावीक गाड्यांबद्दल होता आणि नोंद ठेवणारे खाते होते. ज्याच्याकडे रजिस्टर आहे, त्यालाच विचारावे लागते.

रिक्त पदांचेच पाहा. १ डिसेंबर २०२२ रोजी रेल्वेत तीन लाखांहून अधिक अराजपत्रित पदे रिकामी होती, हे संसदेतल्या उत्तरानेच देशाला कळले. पण केवळ 'किती पदे रिक्त आहेत' एवढे विचारले तर प्रशासनाला पळवाट मिळते. पदे 'सरेंडर' केली की मंजूर संख्या घटते आणि एकही माणूस न भरता रिक्त जागा कमी दिसतात. म्हणून प्रश्न असा हवा: अमुक विभागात गेल्या तीन वर्षांत प्रत्येक वर्षअखेर ट्रॅक मेंटेनरची मंजूर पदे किती, प्रत्यक्ष हजर किती, सरेंडर केलेली किती, आणि तेच काम कंत्राटावर किती जणांकडून घेतले गेले? चारही आकडे शेजारी शेजारी आले की लपवाछपवी संपते.

काही आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे. खासदारांवर विश्वास कसा ठेवायचा, असे बांधव विचारतात. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून डिसेंबर २००५ मध्ये ११ सदस्यांना संसदेतून काढले गेले. त्यांत दोघे महाराष्ट्रातले होते, हे आम्ही विसरलेलो नाही. पण त्यांना काढले तेही संसदेनेच. आणि संघटनेने दिलेला प्रश्न फुकट असतो. तो सदस्यांच्या सभेत ठरलेला असतो आणि खासदाराला त्यात मतदारांपुढे मान मिळतो. तो कोणत्या पक्षाचा, हे पाहू नये. फिरोज गांधी कोणत्या बाकावर होते, ते वर सांगितलेच आहे.

दुसरा आक्षेप शिस्तीचा आहे आणि तो गंभीर आहे. केंद्रीय नागरी सेवा आणि रेल्वे सेवा या दोन्हींच्या वर्तणूक नियमांतला नियम २० सांगतो की, कर्मचाऱ्याने स्वतःच्या सेवाविषयक बाबीसाठी वरिष्ठांवर राजकीय दबाव आणू नये. म्हणून स्वतःच्या बदलीचा वा बढतीचा कागद घेऊन कोणीही खासदाराच्या दारी जाऊ नये. तसे केलेत तर आरोपपत्र तुमच्या हाती येईल आणि संघटनेलाही तुमचा बचाव करणे जड जाईल. विषय सामुदायिक असावा, पत्र शाखेच्या वा विभागाच्या नावाने जावे आणि त्यावर पदाधिकाऱ्याची सही असावी.

तिसरा प्रश्न असा, की माहितीचा अधिकार असताना हा खटाटोप कशाला? तो अधिकार वापरावाच. पण २००५ च्या त्या कायद्यात, जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी एक मोलाची ओळ होती. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या कायद्याने ती काढून टाकली. नागरिकाची खिडकी लहान होत असेल, तर प्रतिनिधीचे दार ठोठावणे अधिकच गरजेचे आहे.

आमची शाखांना सूचना अशी. प्रत्येक अधिवेशनाआधी महिनाभर शाखेने एकच विषय निवडावा. ग्रामीण डाक सेवकांचे बांधव २०१८ मध्ये मे-जून महिन्यांत १६ दिवस संपावर राहिले, तेव्हा कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींवर मंत्रिमंडळाचा निर्णय झाला. त्यांतली कोणती शिफारस आपल्या मंडळात अजून कागदावरच आहे, हा टपाल शाखांसाठी उत्तम विषय आहे. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत असावा. त्यात आरोप, तर्क आणि विशेषणे नसावीत, कारण त्या कारणानेच प्रश्न नामंजूर होतात. सोबत अर्ध्या पानाचे टिपण द्यावे, म्हणजे पुरवणी प्रश्नाची वेळ आली तर खासदार अडखळणार नाही. उत्तर आले की त्याची प्रत सूचना फलकावर लावावी आणि ते आपल्या रजिस्टरशी ताडून पाहावे. चुकीचे असेल तर पुढच्या अधिवेशनात त्याच उत्तराचा क्रमांक व तारीख देऊन पुन्हा विचारावे.

शेवटी लेखनिक बांधवांना एक विनंती. मंत्री सभागृहात जो आकडा वाचतो, तो अनेकदा तुमच्या टेबलावरून निघालेला असतो. वरून कोणी म्हणेल, 'जरा नीट करून पाठव.' त्या वेळी रजिस्टरमध्ये जे आहे तेच लिहा आणि कार्यालयीन प्रत जपून ठेवा. डमडमच्या कामगारांना आज विचारायला कोणी उरलेले नाही. आपल्या खात्यांना जाब विचारणारी वाट अजून उघडी आहे. ती वापरात राहिली तरच उघडी राहील.