पेटंट नाकारून संस्कृती वाचत नाही, फक्त नक्कल करणाऱ्याची सोय होते

पोस्ट लांब आहे. विषय असा आहे की निम्मे लोक नाक मुरडतील आणि उरलेले गुपचूप वाचतील, लाइक मात्र करणार नाहीत. चालेल. वाचा फक्त.

२०१८ साली भारतीय पेटंट कार्यालयाने स्टँडर्ड इनोव्हेशन नावाच्या कॅनडाच्या कंपनीचा अर्ज फेटाळला. वस्तू होती लैंगिक सुखासाठीचं व्हायब्रेटर. आधार घेतला पेटंट कायदा १९७० च्या कलम ३(ब) चा. सार्वजनिक सुव्यवस्था किंवा नैतिकतेच्या विरोधात जाणाऱ्या शोधाला पेटंट नाही, असं हे कलम म्हणतं. अशा वस्तूंमुळे अश्लीलता वाढते, असा सूर त्या आदेशात होता. जोडीला भारतीय दंड विधानाचं कलम ३७७ सुद्धा आणलं होतं. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम बाद केलं. म्हणजे एक पाय तर तेव्हाच निखळला.

तुम्ही म्हणाल, कॅनडाच्या कंपनीचं आम्हा पिंपरीकरांना काय?

सांगतो. असं यंत्र उघडलं की आत काय असतं? एक छोटी डीसी मोटर, तिच्या शाफ्टवर एका बाजूला जड वजन, लिथियम बॅटरी, बोटभर सर्किट, पाणी आत जाऊ नये म्हणून सील आणि वर सिलिकॉनचं आवरण. यातलं आपल्या पट्ट्यात काय बनत नाही? भोसरी एमआयडीसीत सिलिकॉन मोल्डिंग होतं, ओ-रिंग आणि गॅस्केट निघतात. चाकणला इलेक्ट्रॉनिक्स आहे. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये प्रोटोटाइप करून मिळतो. गाडीच्या पार्टला मायक्रॉनमध्ये टॉलरन्स सांभाळणाऱ्या माणसाला हे काम म्हणजे हातचा मळ.

आता समजा, इथल्याच एखाद्या टूल रूमवाल्याने कमी आवाजाची, कमी तापणारी, पूर्ण धुता येणारी रचना शोधली. त्याच्याकडे कारखाना काढायला भांडवल नाही. मग मार्ग एकच. पेटंट आपल्या नावावर ठेवायचं, मोठ्या उत्पादकाला लायसन्स द्यायचं आणि विक्रीवर रॉयल्टी घ्यायची. पण पेटंटच नाकारलं तर तो लायसन्स कशाचं देणार? ड्रॉइंग घेऊन उत्पादकाकडे गेला की तो चहा पाजणार, फोटो काढणार, "कळवतो" म्हणणार. सहा महिन्यांनी तीच वस्तू बाजारात. हातात काय? फार तर गोपनीयतेचा करार, तोही आधी सही करून घेतला असेल तर.

इथे मूळ गोष्ट समजून घ्या, कारण निम्मा गोंधळ इथेच आहे. पेटंट म्हणजे वस्तू विकायचा परवाना नव्हे. पेटंट म्हणजे दुसऱ्याला ती बनवण्यापासून आणि विकण्यापासून वीस वर्षं रोखायचा हक्क. म्हणजे पेटंट नाकारल्यावर वस्तू बंद होत नाही, उलट ती सगळ्यांना मोकळी होते. नैतिकता वाचवायला निघालेल्या अधिकाऱ्याने केलं काय, तर ज्याने डोकं चालवलं त्याला रिकाम्या हाती पाठवलं आणि ज्याने नक्कल केली त्याला रस्ता मोकळा करून दिला. यात संस्कृती कुठे वाचली, मला कुणी सांगेल का?

बरं, सरकारचं तरी एक मत आहे का? २००७ मध्ये हिंदुस्तान लेटेक्स या केंद्र सरकारच्या कंपनीने ‘क्रेझेंडो’ नावाने कंडोमच्या पाकिटात थरथरणारी रिंग विकायला काढली. मध्य प्रदेशचे तेव्हाचे मंत्री कैलाश विजयवर्गीय यांनी हे तर सेक्स टॉय आहे म्हणून ओरड केली. म्हणजे सरकारी कंपनी विकते, मंत्री चिडतो आणि अकरा वर्षांनी सरकारचंच पेटंट कार्यालय तशाच कामाच्या वस्तूला अनैतिक ठरवतं.

आता कोर्टाचं बघा. कस्टम्सने बॉडी मसाजर अडवले. कारण काय, तर ते सेक्स टॉय म्हणून वापरता येतील. आधार होता १८ जानेवारी १९६४ च्या अधिसूचनेचा, म्हणजे अश्लील पुस्तकं, चित्रं, वस्तू यांच्या आयातबंदीचा. मार्च २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने कस्टम्सचं अपील फेटाळलं. हे अधिकाऱ्याच्या कल्पनेचे खेळ आहेत, अशा अर्थाचे ताशेरे मारले. देशात उघडपणे विकली जाणारी वस्तू बंदरावर अश्लील कशी होते?

निकाल योग्यच आहे. पण परिणाम बघा. आयात मसाजर ‘मसाजर’ म्हणून येणार आणि विकला जाणार. इथला संशोधक मात्र अर्जात खरा उपयोग लिहील तर कलम ३(ब) समोर उभं. खोटं लेबल लावणारा सुखात, खरं लिहिणारा गोत्यात. आत्मनिर्भर भारताच्या घोषणा देणाऱ्यांनी यावर जरा बोलावं.

आंतरराष्ट्रीय बाजूही कच्चीच आहे. १९९८ पासून भारत पॅरिस करारात आहे. त्यातलं कलम स्पष्ट सांगतं की देशातल्या कायद्याने एखाद्या वस्तूच्या विक्रीवर बंधन असेल, तर तेवढ्या कारणाने पेटंट नाकारायचं नाही. नैतिकतेची सूट जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात आहे, मान्य. पण तिथेही ‘आमच्या कायद्यात बंदी आहे’ एवढंच कारण पुरत नाही. आणि इथे तर थेट बंदीचा कायदाच नाही. आहे तो अश्लीलतेचा, आधी दंड विधानाचं कलम २९२, आता न्याय संहितेचं २९४.

तिकडे काय झालं? बव्हेरियातल्या मिखाएल लेन्के यांनी शोधलेलं हवेच्या दाबावर चालणारं उपकरण २०१४ मध्ये बाजारात आलं, आणि पेटंटच्या जोरावर त्यावर मोठा उद्योग उभा राहिला. आपण नाकारलेल्या त्या कॅनडाच्या कंपनीचा ब्रँड २०१८ मध्येच त्या उद्योगाबरोबर एक झाला.

पेटंट म्हणजे सगळं गोड, असंही मी म्हणत नाही. इंटरनेटवरून अशी उपकरणं चालवण्याच्या कल्पनेवर अमेरिकेत २००२ साली पेटंट दिलं गेलं. कल्पना इतकी मोघम की २०१५ मध्ये त्याच्या जोरावर छोट्या कंपन्यांना कोर्टात खेचलं गेलं. २०१८ मध्ये मुदत संपली तेव्हा अनेकांनी सुटकेचा श्वास टाकला. म्हणून परीक्षण कडक हवंच. पण ते नवेपणाचं, तांत्रिकतेचं. बेडरूमचं नव्हे.

"मुलांच्या हाती पडेल" म्हणणाऱ्यांना उत्तर सोपं आहे. अल्पवयीनांना विक्री नको, दर्शनी भागात मांडणी नको, पाकीट साधं हवं. असे नियम करा, मी पहिला पाठिंबा देईन. पण नियम करायचेच नाहीत आणि मग गोव्यात कळंगुटला झालं तसं करायचं! तिथे फेब्रुवारी २०२१ मध्ये दुकान उघडलं आणि महिन्याभरात पंचायतीने परवान्याच्या कारणावरून बंद केलं. याने मागणी संपते का? ती कुरिअरने येते. आणि शरीराच्या नाजूक भागाला लागणारं प्लास्टिक कसलं आहे, हे कुणी तपासत नाही. २०२१ मध्येच अशा वस्तूंच्या सुरक्षेचं आयएसओ ३५३३ हे जागतिक मानक आलंय. लायसन्सचा लेखी करार असेल तर त्यात हे मानक पाळायची अट घालता येते. चोरीच्या मालाला कसली अट?

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. ज्या साधनांचा प्रचार केला म्हणून त्यांना शिव्या बसल्या, ती आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

माझ्या मागण्या तीन. पेटंट कार्यालयाने कलम ३(ब) कुठे लावायचं आणि कुठे नाही, याचे लेखी निकष या वस्तूंसाठी जाहीर करावेत. शहरातल्या लघुउद्योजकांच्या संघटनांनी हा विषय लाज न बाळगता केंद्राकडे न्यावा. आणि खासदार-आमदारांनी किमान एक प्रश्न विचारावा.

आणि ज्यांच्या ड्रॉवरमध्ये असं काही ड्रॉइंग पडलंय त्यांना: अर्ज केल्याशिवाय कुणाला दाखवू नका. दावा मोटर, सील, रचनेवर बांधा. अर्ज मुंबईच्या कार्यालयात करा. परदेशात आधी जायचं असेल तर कलम ३९ ची परवानगी घ्या, नाहीतर इथल्या अर्जानंतर सहा आठवडे थांबा. आणि लायसन्स तोंडी नको, लेखीच. ओळखीचा असला तरी.

शिव्या द्यायच्या असतील तर द्या. फक्त त्याआधी एवढं सांगा: पेटंट नाकारल्याने नक्की कुणाचं भलं झालं?