मासे मागाहून आणावे

उन्हाळ्याची सुटी लागली कीं पुष्कळ घरांत कांचेच्या टांकीचा विषय निघतो. मुलें कोणा स्नेह्याकडे रंगीत मासे पाहून येतात, आठ दिवस हट्ट धरितात, आणि नवव्या दिवशीं घरांतले एखादे काका त्यांना घेऊन बाजारांत जातात. परत येतांना काकांच्या हातांत टांकी असते व मुलांच्या हातांत पाण्यानें फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी. तींत दहाबारा मासे. संध्याकाळीं टांकी दिवाणखान्यांत मांडली जाते, दिवा लागतो, शेजारीपाजारी पाहावयास येतात. पुढची हकीकत ज्यांच्या घरीं घडली आहे त्यांना ती सांगावयास नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं पाणी ताकाच्या निवळीसारखें पांढुरकें होतें, मासे वर येऊन तोंडांची उघडझांप करूं लागतात, आणि महिना संपण्यापूर्वीं रिकामी टांकी माळ्यावर जाते.

आमच्या घरीं तीन वर्षांपूर्वीं असेंच झालें. पाणी पांढुरकें झालेलें पाहून आम्हीं जें केलें तें सांगावयास आज संकोच वाटतो. टांकी उपसली, वाळू कढत पाण्यानें धुतली, फिल्टरमधला स्पंज नळाखालीं धरून स्वच्छ होईपर्यंत पिळला, आणि नव्या पाण्यांत तेच मासे पुन्हा सोडले. सोवळ्याओंवळ्याच्या घरांत वाढलेल्या माणसाला घाणीवर पाण्यावांचून दुसरा उपाय सुचत नाहीं! चार दिवसांनीं शेवटचा मासा गेला. आमच्या सहा वर्षांच्या पुतण्यानें त्याला परसांत पारिजातकाखालीं पुरलें आणि विचारलें, “काका, आपण तर सगळें स्वच्छ केलें होतें ना?”

या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं आम्हांस देतां आलें नाहीं. तें पुढें वाचून आणि जाणत्यांस विचारून मिळालें, आणि तेंच वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

मासा जें खातो त्यांतील नत्राचा पुष्कळसा भाग तो अमोनियाच्या रूपानें कल्ल्यांवाटे पाण्यांत सोडीत असतो. उरलेलें खाद्य, विष्ठा आणि कुजकीं पानें यांतूनहि अमोनियाच निघतो. नदीच्या वाहत्या पाण्यांत त्याचें कांहींच चालत नाहीं. पन्नास लिटरांच्या पेटींत मात्र तो सांचतो आणि कल्ले जाळतो. सृष्टीनें यावर योजना केलेली आहे. एका जातीचे सूक्ष्मजंतु अमोनियाचें रूपांतर नायट्राइटमध्यें करितात. पण नायट्राइट हेंहि विषच. तें माशाच्या रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति हिरावून घेतें, आणि पाण्यांत प्राणवायु असूनहि मासा गुदमरतो. दुसऱ्या जातीचे जंतु या नायट्राइटचें नायट्रेट करितात. तें मात्र बरेंच निरुपद्रवी असून वनस्पतींचें खाद्य आहे. हे जंतु बहुतेक पाण्यांत तरंगत नसून वाळूच्या कणांवर, कांचेवर, पानांवर आणि सर्वांत अधिक फिल्टरच्या स्पंजांत चिकटून राहतात. म्हणजे आम्हीं जो स्पंज नळाखालीं पिळला तोच टांकीचा प्राण होता. नळाच्या पाण्यांत तर जंतु मारण्यासाठींच क्लोरिन घातलेला असतो! विरजणाचें भांडें आधणाच्या पाण्यानें घासून त्यांत नुसतें दूध ओतावें आणि सकाळीं दहीं कां लागलें नाहीं म्हणून दुधाला दोष द्यावा, तसें आमचें झालें. फरक इतकाच, कीं दहीं एका रात्रींत लागतें. हें विरजण मोठें आळशी आहे. त्याला लागावयास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात.

ज्यानें घरगुती टांकीचें शास्त्र प्रथम मांडलें त्यालाहि या जंतूंची वार्ता नव्हती. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८४९ मध्यें सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति एका कांचपात्रांत एकत्र ठेविली. कुजक्या पानांनीं पाणी बिघडूं लागलें तेव्हां तीं खाण्यासाठीं त्यानें गोगलगायी सोडल्या, आणि या तिघांचा संसार पाणी न बदलतां चालतो असें १८५० सालीं प्रसिद्ध केलें. मासे, वनस्पति व गोगलगाय हीं तिन्हीं त्याला दिसलीं. चौथा भागीदार दिसण्याजोगा नव्हता. गंमत अशी, कीं त्याचा मुलगा (त्याचेंहि नांव रॉबर्टच) पुढें इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथील शेतकी-संशोधनकेंद्रांत याच जंतूंच्या मागें लागला. अमोनियाचें नायट्राइट व नायट्राइटचें नायट्रेट हे दोन टप्पे निरनिराळ्या जंतूंचे आहेत हें त्यानें दाखविलें. परंतु ते जंतु वेगळे करून वाढविणें कांहीं त्याला साधलें नाहीं. तें श्रेय १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाकडे गेलें. २०१५ सालीं तर दोन्हीं टप्पे एकट्यानेंच पार पाडणारा जंतु सांपडला, आणि तोहि मासे पाळण्याच्या एका यंत्रणेच्या गाळणींत! बापानें टांकी मांडावी आणि तिच्यांतलें गूढ लेकानें उकलूं पाहावें, हा योग एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्यासारख्यांस फार गोड वाटतो.

असो. आतां प्रत्यक्ष मांडणीकडे वळूं.

पहिली टांकी फार लहान घेऊं नये. लहान पाण्यांत चुकीला क्षमा नसते. गोल भांडें तर घेऊंच नये. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा टांकींत चोपन्न लिटर पाणी मावतें, आणि वाळूदगडांसह तिचें वजन साठसत्तर किलो भरतें. तेव्हां ती डुगडुगत्या मेजावर किंवा पुस्तकांच्या फळीवर ठेवण्याचा विचारहि मनांत आणूं नये. खालीं थर्माकोलचा सपाट तुकडा घालावा. खिडकीजवळची जागा सर्वांस आवडते, परंतु तेथें ऊन येऊन शेवाळ माजतें.

तळाशीं बागेंतली चाळलेली माती एक इंचभर पसरावी. तींत शेणखत किंवा दुसरें कसलेंहि खत असूं नये. असल्यास अमोनियाचा लोंढा येईल. तिच्यावर धुतलेली जाडसर वाळू दोन इंच. वाळूवर लिंबाचा रस पिळून पाहावा. फेस आला तर तींत शिंपल्यांचा चुरा आहे व ती पाणी जड करील, म्हणून सोडून द्यावी. पाणी ओततांना वाळूवर एक ताटली पालथी ठेवून तिच्यावर बारीक धार धरावी, नाहीं तर माती वर येऊन सारा खटाटोप व्यर्थ जातो. नळाचें पाणी एक दिवस उघड्या बादलींत ठेवल्यास क्लोरिन बहुतेक उडून जातो. घाई असेल तर त्यासाठीं दुकानांत थेंब मिळतात.

वनस्पतींच्या बाबतींत थोडें अधिक लिहितों, कारण टांकीचें सौंदर्यच नव्हे तर तिचें आरोग्यहि त्यांच्याकडे आहे. आरंभीं झपाट्यानें वाढणाऱ्या वनस्पति भरपूर लावाव्या. शाळेंत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगांत नरसाळ्याखालीं ठेवतात ती हायड्रिला त्यांतलीच; ती अमोनिया थेट शोषून घेते आणि शेवाळाला उपाशी ठेवते. मागच्या बाजूस व्हॅलिस्नेरिया लावावी. तिच्या लांब फितींसारख्या पानांचा पडदा सुरेख दिसतो. लावतांना मुळें वाळूंत आणि पांढरा गड्डा वाळूच्या वर राहील असें पाहावें. या वनस्पतीचा विवाहविधि मोठा मौजेचा आहे. मादीफूल मळसूत्रासारख्या देंठावर चढून पृष्ठभागीं येतें. नरफुलें तळाशीं देंठापासून सुटून वर येतात आणि तरंगत तरंगत तिला गांठतात. फलधारणा झाली कीं मळसूत्र आवळून तें फूल पुन्हा पाण्याखालीं ओढलें जातें. मधल्या भागासाठीं क्रिप्टोकोरीन चांगली; तिच्या कांहीं जाती आपल्या सह्याद्रींतल्या नद्यांच्या पात्रांत आपोआप उगवतात. त्या तेथून उपटून मात्र आणूं नयेत. विक्रीसाठीं वाढविलेलीं रोपें मिळतात. क्रिप्टोकोरीन लावल्यावर आठपंधरा दिवसांत तिचीं पानें विरघळून जातात, आणि रोप मेलें असें समजून घरांतलें कोणी तरी तें काढून टाकतें. तसें करूं नये. मुळें जिवंत असतात आणि कांहीं आठवड्यांत नवीं पानें फुटतात. जावा फर्न व अनुबियास यांची आडवी गांठ वाळूंत पुरल्यास कुजते. त्यांना दोऱ्यानें दगडाला बांधावें. दिवा रोज सहासात तास पुरे.

इतकें झालें, कीं टांकी पूर्ण दिसते आणि खरी परीक्षा सुरू होते. यापुढें महिनादीड महिना तींत मासा सोडावयाचा नाहीं. फिल्टर अहोरात्र चालूं ठेवावा, आणि जंतूंना खाद्य मिळावें म्हणून माशांच्या खाद्याची लहानशी चिमूट रोज टाकावी. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचें थेंबांचें टेस्ट किट अवश्य घ्यावें. घरांतल्या शाळकरी मुलांना हें काम फार आवडतें. खाद्य टाकीत असतांहि आठवडाभर दोन्हीं आंकडे शून्य राहिले म्हणजे घर राहावयास योग्य झालें. ज्यांची टांकी वर्षानुवर्षें निरोगी आहे अशा कोणा स्नेह्याकडून फिल्टरमधल्या स्पंजाचा ओला तुकडा आणतां आला तर हा काळ बराच कमी होतो. विरजण शेजाऱ्यांकडून मागून आणण्याची चाल आपल्याकडे आहेच.

आमच्या घरीं दुसऱ्या खेपेस टांकी मांडली, तेव्हां हे सहा आठवडे सर्वांस जड गेले. जो तो येऊन विचारी, “मासे कोठें आहेत?” आमचे एक गोमंतकीय सारस्वत मित्र तर म्हणाले, “आमच्याकडे ते ताटांत असतात. तुमच्याकडे टांकींतहि नाहींत!” या टांकीला मातोश्रींचा प्रथमपासून विरोध होता. पहिल्या खेपेचे बारा जीव त्यांच्या मनाला लागून राहिले होते. पण रिकामी टांकी पाहून त्याच एके दिवशीं पुतण्याला म्हणाल्या, “असूं दे बाळा. पाहुणा दारांत आल्यावर चूल पेटवायची नसते.” त्यानंतर पुतण्यानें मासे मागितले नाहींत. त्याच्या वहींत रोजचे आंकडे आहेत. नायट्राइट शून्यावर आलें त्या तारखेभोंवतीं त्यानें लाल पेन्सिलीनें चौकट काढली आहे.

मग सहा झेब्रामासे आणले. हे मूळचे भारतीय नद्यांचेच, काटक आणि घोळक्यानें राहणारे. पिशवी अर्धा तास टांकींत तरंगत ठेवावी, टांकींतलें पाणी तींत थोडें थोडें घालावें, आणि मग मासे अलगद जाळ्यानें सोडावे. आणखी मासे आणावयाचे तर तीन आठवड्यांनीं. गप्पी बहुतेकांस आवडतात, पण त्यांची प्रजा फार वाढते; ती ओढ्यांत वा विहिरींत नेऊन सोडूं नये.

दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावें. काढलेलें पाणी गटारांत न ओततां तुळशीला घालावें. त्यांतलें नायट्रेट तिला मानवतें. स्पंज मळला तर याच काढलेल्या पाण्यांत हलका पिळावा. वीज कांहीं तास गेली असेल तर फिल्टर पुन्हा सुरू करण्यापूर्वीं तसेंच करावें, कारण कोंडलेल्या स्पंजांत प्राणवायूवांचून जंतु मरतात व सडलेलें पाणी टांकींत येतें.

एकत्र कुटुंबांतल्या टांकीला मात्र एक संकट असें आहे, जें कोणत्याहि इंग्रजी पुस्तकांत आम्हांस आढळलें नाहीं. तें म्हणजे माया. सकाळीं शाळेस जातांना मुलें चिमूटभर खाद्य टाकतात, दुपारीं काकू टाकतात, कचेरींतून आलेले बंधु टाकतात, आणि रात्रीं आत्याबाईंना वाटतें, बिचाऱ्यांना दिवसभर कोणीं कांहीं दिलें नसेल! मासे तर प्रत्येकासमोर उपाशी असल्यासारखेच नाचतात. दिवसांतून एकदां, दोन मिनिटांत संपेल इतकेंच खाद्य त्यांना पुरतें, आणि आठवड्यांतून एक उपास त्यांना चांगला मानवतो. आमच्या घरीं तो शनिवारीं असतो. खाद्याची डबी आम्हीं पहिल्याच दिवशीं मातोश्रींच्या स्वाधीन केली. ती देवघरांतल्या कपाटांत, गंधाच्या सहाणेशेजारीं असते, आणि वहिनींनीं दोनदां मागूनहि ती त्यांना मिळालेली नाहीं.