भावताव संपल्यावर

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात डोंगरातला आणि सपाटीवरचा माणूस रोज एकमेकांना भेटतो. आठवडे बाजारात, मिरचीच्या पथारीवर, सरकारी दवाखान्यात, एसटीत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी होते. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. बाकी आपण सगळे. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहूनही आपलं बोलणं बहुतेक कामापुरतंच असतं. 'केवढ्याला दिलं?' 'उद्या किती बाया येतील?' 'सरक तिकडे.' पांढऱ्या केसांच्या पावरा म्हाताऱ्यालाही आपली शाळकरी पोरं 'ए' म्हणून हाक मारतात आणि घरातलं कुणी त्यांना टोकत नाही. याची मला मनापासून चीड येते.

गेल्या वैशाखात धडगावहून तळोद्याला येत होतो. चांदसैली घाटात गाडी कूर्मगतीने उतरत होती. शेजारी एक आजी, पायाशी आमचुराचं गाठोडं. ढग दाटले तसं तिचं लक्ष सारखं खिडकीबाहेर. मी विचारलं, "पानी पडना का तुमनाकडे?" एवढं पुरलं. कैऱ्या सोलायच्या, चिरायच्या, फोडी कडक उन्हात वाळवायच्या. मध्येच सर आली की फोड काळी पडते आणि व्यापारी निम्म्या भावात मागतो, असं ती तिच्या अहिराणी-पावरीत सांगत राहिली. आमच्या घरी मिरची असते. पथारीवरच्या मिरचीवर अवकाळी पडला की रात्री ताडपत्र्या घेऊन कशी पळापळ होते, ते मी सांगितलं. तिनं नुसती मान हलवली. पुढचं तिला सांगावं लागलं नाही.

मग चौकशीची पाळी तिची. "तुनी माय शे का?" आहे म्हटलं. गुडघे दुखतात का? दुखतात. मोहाच्या बियांचं तेल कोमट करून लाव म्हणाली, आणि कसं चोळायचं ते स्वतःच्या गुडघ्यावर दाखवलं. तिची नात दहावीला होती. पोरीचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत, म्हणून पोर आजीकडे. पुढे तिला कुठे घालावं, वसतिगृह मिळेल का, पोरगी एकटी राहील का. माझ्या घरात मुलीवरून रात्री हेच बोलणं चालतं, याच क्रमानं.

गोड बोलण्यानं इतिहास पुसला जात नाही, हेही सांगितलं पाहिजे. शहादा-तळोद्याच्या भागात आदिवासींच्या जमिनी कशा गेल्या आणि सालदारांना कसं राबवलं गेलं, ते इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. १९७१ मध्ये पाटीलवाडीत आदिवासींवर गोळीबार झाला. आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांनी माणसं उभी केली आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली. जमीन आणि मजुरी लढूनच मिळवावी लागली. पण ती चळवळही आधी पाड्यापाड्यावर, रात्री अंगणात बसून बोलण्यातूनच उभी राहिली. आदिवासींचं दुःख व्यासपीठावरून दुसऱ्यांनीच मांडावं, यावर वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' ही कविता लिहिली. ते याच चळवळीतले, याच मातीतले. आपण आजही आदिवासींबद्दल भरपूर बोलतो: कुपोषणावर, अंधश्रद्धेवर, योजनांवर. त्यांच्याशी बोलायला मात्र आपल्याला वेळ नसतो. काठी गावच्या राजवाडी होळीला शहरातून गाड्या भरून लोक येतात, मोरपिसांचे टोप घालून नाचणाऱ्या बुध्यांचे फोटो काढतात आणि पहाटे निघून जातात. ज्याचा फोटो काढला त्याचं नाव किती जणांना माहीत असतं?

म्हणून वाचकहो, एक विनंती. पोरांना 'बाबा', 'आजी' म्हणायला शिकवा. आणि पुढच्या बाजारी भाव ठरला, पैसे दिले, की लगेच उठू नका. पाऊसपाणी विचारा, पोरंबाळं विचारा. समोरून तुमच्या घरची चौकशी झाली तर तिला सरळ, पूर्ण उत्तर द्या.